मोरोनीच्या शिंप्यावरून तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकताना

समोर जिवंत माणूस बसला की चित्र शिकणाऱ्याला तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. माणूस हलतो, उजेड सरकतो, आणि त्या चेहऱ्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं. जुन्या चित्राची कॉपी करताना पहिल्या दोन अडचणी राहत नाहीत आणि तिसरीचं उत्तर समोर भिंतीवर टांगलेलं असतं. म्हणून फोंड्याला माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्यांना मी आधी एक अख्खं चित्र कॉपी करायला लावते. तीन-साडेतीन महिने जातात. तेवढा वेळ देणार असाल तरच हा लेख पुढे वाचा. एका शनिवार-रविवारात उरकणारी ही गोष्ट नाही.

कॉपी करायची म्हणजे हुबेहूब दिसणारी वस्तू तयार करायची, असं मला म्हणायचं नाही. चित्रकाराने कुठला निर्णय आधी घेतला, कुठला नंतर, आणि कुठे मुद्दाम हात आखडता घेतला, हे हाताने शोधून काढायचं. माझ्या लेखी कॉपीचा खरा फायदा हा शेवटचाच आहे.

कोणतं चित्र घ्यावं

पहिल्या कॉपीसाठी बहुतेक जण मोनालिसा मागतात. मी नको म्हणते. लिओनार्दोने एकावर एक इतके पातळ, धूसर थर दिले आहेत की नवशिक्याला त्यांचा माग लागत नाही. मी सुचवते ते जोव्हानी बातिस्ता मोरोनीचं ‘शिंपी’ हे चित्र. मोरोनी उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या आल्बिनो गावचा, सोळाव्या शतकातला. चित्र साधारण १५६५ ते १५७० या काळातलं. कॅनव्हासवर तैलरंग, ९९.५ बाय ७७ सेंटिमीटर. १८६२ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मेजाशी उभा असलेला एक तरुण शिंपी, हातात मोठी कात्री, समोर खडूने आखलेलं काळं कापड. कापड बेतणार एवढ्यात कुणी दारात आलं म्हणून त्याने मान वर केली असावी, अशी नजर. अंगात मळकट पांढरा, साईच्या रंगाचा जाकीटवजा सदरा, खाली लाल तुमान, गळ्याशी आणि मनगटाशी पांढऱ्या झालरीची बारीक पट्टी. मागे करडी भिंत, त्यावर ना पडदा ना खिडकी. सरदार-दरकदारांची चित्रं ढिगाने होत होती त्या काळात कामाची हत्यारं हातात घेतलेला माणूस इतक्या मानाने रंगवलेला क्वचितच सापडतो. मला हे चित्र आवडतं ते आधी या कारणासाठी. शिकण्याच्या दृष्टीने पाहिलं तर रंग मोजके, उजेड एकच, मागे काहीच नाही, आणि कामाची पद्धत सरळ. मोरोनी काही लपवत नाही.

तो स्वतःही असाच शिकला. ब्रेशियाचा मोरेत्तो हा त्याचा गुरू, आणि मोरोनीच्या धार्मिक चित्रांत गुरूच्या रचनांची उचल उघड दिसते. तेव्हा कॉपी म्हणजे कमीपणा, हा विचार डोक्यातून काढून टाका.

गोव्यात बसून हे सगळं फार दूरचं वाटत असेल, तर एकदा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन या. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांची रांग आहे. ती मालिका गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रोने १५४७ साली सुरू करवली. इतिहासकार गास्पार कोरैयाच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रं लाकडी फळ्यांवर रंगवली. म्हणजे मोरोनी इटलीत रंगवत होता तेव्हा मांडवीच्या काठावरही माणसांची चित्रं रंगत होती. त्यांतल्या बऱ्याच चित्रांवर पुढे पुन्हापुन्हा रंग चढवला गेला. दमट हवा आणि वरून हात फिरवण्याची हौस मिळून चित्राचं काय करतात, ते तिथे नीट बघून घ्या.

दुसरी फेरी पणजीला, फोंतेन्यशमध्ये. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. त्रिंदाद सांग्याचे, जन्म १८७०, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. छापील चित्रावरून कॉपी करताना आपल्याला रंगाचा पृष्ठभाग दिसत नाही: रंग कुठे जाड आहे, कुठे कॅनव्हासची वीण दिसते, ब्रश कुठल्या दिशेने ओढला आहे. ते कळण्यासाठी खऱ्या तैलचित्रासमोर उभं राहायलाच हवं. चित्राच्या बाजूला सरका आणि तिरक्या नजरेने बघा. उजेडातला भाग जाड आणि सावली पातळ, ही गोष्ट शंभर पानं वाचून जेवढी कळणार नाही तेवढी पाच मिनिटांत कळेल.

कधी सुरू करावं, आणि उजेड कुठून घ्यावा

दसऱ्याला सरस्वतीपूजन झालं की सुरू करा, शिगम्याच्या आधी संपेल. मी पहिलं चित्र जूनमध्ये सुरू केलं होतं. कॅनव्हास रात्री चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. तीन आठवड्यांनी मागे बघितलं तर कापडभर काळे ठिपके. बुरशी सुती कापडात एकदा शिरली की पुसून जात नाही. तेव्हापासून कॅनव्हास भिंतीला टेकवायचा नाही, मागच्या चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवायचे म्हणजे मागून वारा खेळतो, हा नियम मी पाळते.

पावसाळ्यात रंगही वाळत नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. गार, ओल्या, अंधाऱ्या खोलीत ही क्रिया मंदावते. माझ्या खोलीत फेब्रुवारीत अंबर या तपकिरी रंगाचा पातळ थर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. तोच जुलैत पाच दिवस घेतो, आणि काळा तर पंधरवडाभर चिकट राहतो.

उजेडाबद्दल युरोपातल्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं की खिडकी उत्तरेची हवी, कारण तिथून ऊन कधी आत येत नाही. तिकडे ते बहुतांशी खरं आहे. आपण साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मेमध्ये ढग नसल्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून सरळ ऊन येतं. दसऱ्यानंतर सुरू करण्याचं हे दुसरं कारण. तेव्हा उत्तरेची खिडकी खरोखर उत्तरेच्या खिडकीसारखी वागते. ज्यांच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या शिल्लक आहेत त्यांनी तिथेच इझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, मांडावा. त्यातून गाळून येणारा उजेड इतका मऊ असतो की दुसरा पडदा लागत नाही.

संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर पाच हजार केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वर असलेला एलईडी दिवा घ्या. तो चित्रावर आणि पॅलेटवर सारखा पडला पाहिजे. पिवळ्या बल्बखाली मिसळलेला त्वचेचा रंग सकाळी बघवत नाही.

सामान

कॅनव्हास १८ बाय १४ इंचांचा घ्या. मूळ चित्राची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच येतं, त्यामुळे काही कापावं लागत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून कॉपी करणाऱ्यांनाही मूळ मापाची कॉपी करू देत नाहीत, लहान किंवा मोठीच करावी लागते. त्याशिवाय १० बाय १२ चा एक कॅनव्हास फक्त डोक्याच्या सरावासाठी. दुकानातल्या तयार कॅनव्हासवर जेसोचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, आणखी एक हात द्या, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासा. नाहीतर चेहऱ्याचं बारीक काम कापडाच्या विणीत अडकतं.

रंग आठ पुरतात. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, व्हर्मिलियन ह्यू, अलिझरिन क्रिमझन (परमनंट लिहिलेलं), रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक. पैसे कमी असतील तर पांढरा आणि यलो ऑकर आर्टिस्ट दर्जाचे घ्या, बाकीचे स्टुडंट चालतील. कॉपीत सगळ्यात जास्त तेच दोन खपतात. मोरोनीच्या काळात पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. तो विषारी आहे आणि आपल्याला त्याची गरज नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की टायटॅनियम त्याच्याहून जास्त झाकतो आणि जास्त थंड दिसतो. म्हणून चेहऱ्यात तो एकटा कधी वापरू नका, कणभर ऑकर घालूनच वापरा.

लाइट रेड आणि ऑकर हे शेवटी लोखंडाच्या गंजाचेच रंग. आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं ज्या लाल मातीतून झाली तिचंच हे कूळ. गोव्याच्या रस्त्यावर पावसानंतर पायाला लागते ती मातीही त्याच घरातली. माणसाच्या त्वचेचा पाया या मातकट रंगांनीच धरायचा असतो. व्हर्मिलियन फक्त चवीपुरता.

ब्रश: डुकराच्या केसांचे चपटे ४, ६, ८ आणि १०, मऊ गोल २ आणि ४, आणि एक रुंद मऊ कोरडा ब्रश कडा पुसण्यासाठी. तेल आर्टिस्टांसाठीचं शुद्ध केलेलं लिनसीड. जवसच असला तरी स्वयंपाकाचं तेल वापरू नका. टर्पेंटाइनही आर्टच्या दुकानातलं. हार्डवेअरचं थिनर किंवा रॉकेल नको.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते आणि दर रविवारी बघते. लिनसीड तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती अडकून राहते. चिंध्या पाण्याने भरलेल्या डब्यात टाका, झाकण लावा, आणि घरात साठवू नका.

चित्र समोर कसं ठेवावं

नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर हे चित्र खूप मोठं करून बघता येतं. फोटो स्टुडिओतून ते मॅट कागदावर बरोबर १८ बाय १४ इंचांत छापून घ्या. छपाईत सावल्या बुडतात, म्हणून आधी लहान नमुना काढून बघा, हवं तर थोडं उजळ करायला सांगा. मोबाइल किंवा टॅब्लेट फक्त डोळा, कान, झालर असे तुकडे मोठे करून बघायला वापरा. पडदा स्वतः उजेड फेकतो, कॅनव्हास फेकत नाही. पडद्यावरून रंग जुळवायला गेलात की सगळं चित्र खडूसारखं पांढरट होतं.

छापील चित्र इझलवर कॅनव्हासला खेटून लावा, दोन्ही एकाच उंचीवर, एकाच उजेडात. सहा ते आठ फूट मागे जमिनीवर खडूने पायांची जागा आखा. बघायचं तिथून, रंगवायचं पुढे जाऊन, आणि परत मागे. एका बैठकीत शंभर येरझाऱ्या झाल्या तरी चालतील. ज्यांना खुर्चीत बसूनच रंगवायची सवय आहे त्यांचे चेहरे तिरके होतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

रेखांकन

चौकटी आखून उतरवू नका. चौकटींनी रेषा जागेवर येते, पण डोळा शिकत नाही. त्यापेक्षा गवंड्याचा ओळंबा असतो तसा दोऱ्याला एक नट बांधा आणि तो छापील चित्रासमोर धरा. शिंप्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली जाणारी उभी रेघ ओठावर कुठे लागते, झालरीवर कुठे, कात्रीच्या जवळून जाते की दूरून? तीच रेघ आपल्या कागदावर बघा. मग आडव्या रेघा. डोकं किंचित कललेलं आहे, त्यामुळे दोन डोळ्यांना जोडणारी रेघ सरळ नाही. हा कल चुकला तर त्याची नजर जाते, आणि या चित्राचा जीव नजरेत आहे.

हे सगळं आधी त्याच मापाच्या कागदावर कोळशाने करा. चार बैठका द्या, सहा द्या. हातात लहान आरसा ठेवा आणि चित्राकडे पाठ करून दोन्ही चित्रं आरशात बघा. उलट दिसल्यावर चूक लपत नाही. एक मुलगा माझ्याकडे यायचा, हात सुरेख, पण उतावळा. दर बैठकीला विचारायचा, “बाई, आता डोळे करू?” गणपतीच्या चित्रशाळेत वाढलेला. तिथे डोळे शेवटी, एका दमात, बारीक ब्रशने उघडतात, आणि ते कसब त्याच्या हातात होतं. मी त्याला म्हटलं, “बाबू, मूर्तीचे डोळे रेषेने उघडतात. इथे ते सावलीतून वर यायला हवेत. कवटी बसल्याशिवाय डोळा बसायचा नाही.” त्याला पटायला महिना लागला.

कागदावरचं पक्कं झालं की कॅनव्हासवर उतरवा. रेनेसाँसच्या कार्यशाळांत रेखांकनाच्या रेषा सुईने टोचून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायचे, म्हणजे खाली ठिपक्यांची रेघ उमटायची. साडीवर भरतकामाचा नमुना छापतात तो असाच. शिंप्याच्या चित्रासाठी ही रीत मला फार शोभून दिसते. ठिपके टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने जोडा आणि दोन दिवस वाळू द्या.

पहिला थर: फक्त तपकिरी

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवायला बसलं की प्रत्येक छटा गडद वाटते आणि आपण सगळं फिकट करत जातो. म्हणून रॉ अंबर आणि थोडा पांढरा टर्पेंटाइनमध्ये मिसळून सगळ्या कॅनव्हासवर मधल्या छटेचा पातळ हात फिरवा, चिंधीने सारखा करा. खालची रेषा दिसत राहिली पाहिजे. हा थर पूर्ण वाळू द्या.

त्यावर एकट्या अंबरने सावल्या लावा. जिथे उजेड हवा तिथे चिंधीने किंवा टर्पेंटाइनच्या ब्रशने रंग पुसून काढा. रंगाचा विचार अजिबात करायचा नाही, फक्त गडद आणि उजळ. डोळे अर्धे मिटून बघा. बारकावे विरघळतात आणि चारपाच मोठे तुकडे उरतात: काळं कापड, करडी भिंत, साईच्या रंगाचा सदरा, चेहरा, लाल तुमान. या पाच तुकड्यांतला सगळ्यात उजळ कोणता, त्याखालोखाल कोणता, हे कागदावर लिहून काढा. बहुतेकांना वाटतं चेहरा सगळ्यात उजळ. झालर आणि सदरा शेजारी ठेवून बघा म्हणजे समजेल.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. करड्या पुठ्ठ्याला बोटाएवढी दोन भोकं पाडा, पुठ्ठा छापील चित्रावर ठेवा आणि एका भोकातून गाल, दुसऱ्यातून भिंत बघा. आजूबाजूचं झाकलं गेलं की डोळा फसत नाही.

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावते. इथे चूक राहिली तर पुढचा कुठलाही रंग ती झाकत नाही, आणि इथे बरोबर असेल तर पुढे रंग थोडे चुकले तरी माणूस ओळखू येतो. दहा फुटांवरून तुमचा तपकिरी शिंपी तुमच्याकडे बघतोय असं वाटेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरा थर: त्वचा

आधी नियम. प्रत्येक वरच्या थरात खालच्यापेक्षा थोडं जास्त तेल. खालचा थर लवकर वाळला पाहिजे, वरचा लवचिक राहिला पाहिजे. उलट झालं तर वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो, आणि तडे जातात. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये झाला, दुसरा ट्यूबमधून येतो तसा, तिसऱ्यात थोडं लिनसीड. एवढं पाळलं की पुरे.

पॅलेटवर त्वचेचे तीन ढीग मिसळा. उजेडाचा: पांढरा, ऑकर, कणभर व्हर्मिलियन. मधला: तोच, त्यात लाइट रेड आणि थोडा अंबर. सावलीचा: लाइट रेड, अंबर आणि थोडा काळा, पांढरा जवळजवळ नाही. चौथा छोटा ढीग काळा आणि ऑकर यांचा. त्यातून मळका हिरवा मिळतो. उजेड आणि सावलीच्या सीमेवर त्वचा किंचित हिरवट-करडी होते, तिथे हा लागतो. हनुवटीवरच्या आणि गालांवरच्या दाढीलाही त्याचाच आधार.

चेहऱ्याचे तीन आडवे पट्टे मनाशी धरा. कपाळाखाली हाड जवळ, म्हणून तिथे पिवळट. नाक, गाल, कान या मधल्या पट्ट्यात रक्त जास्त, तिथे लालसर. खाली पुरुषाच्या चेहऱ्यावर दाढीच्या मुळांमुळे करडा. मोरोनी हा फरक इतका हलका ठेवतो की पहिल्यांदा दिसतही नाही, पण झाकून बघितलात तर दिसतो.

सावली पातळ ठेवा, खालचा तपकिरी थर तिच्यातून दिसू द्या. उजेड जाड लावा. सावलीत पांढरा गेला की ती पिठूळ होते, आणि नवशिक्याचं चित्र ओळखू येतं ते बहुतेक वेळा यावरूनच.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते, शिवाय तो गोळा आहे, कडेला वळत जातो. त्वचेपेक्षा जेमतेम उजळ करड्याने सुरुवात करा. बुबुळाची कड धारदार काढू नका. चमकेचा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच टेकवायचा आणि हात काढून घ्यायचा. नाकाला बाहेरची रेघ नसते, एका बाजूची छटा दुसऱ्या बाजूला भेटते एवढंच. वरचा ओठ खाली वळलेला म्हणून गडद, खालचा वर बघतो म्हणून उजळ. दोघांमधली जी रेघ वाटते ती सावली आहे, आणि ती कुठे कुठे तुटते.

रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने कडा जोडा, पण सगळ्या नाही. केसांची कड भिंतीत विरघळू द्या, झालरीची कड गळ्यावर धारदार ठेवा. कुठली कड हरवायची आणि कुठली राखायची हे मोरोनीने ठरवून दिलं आहे, ते तुकड्या-तुकड्याने शोधत जा. मी स्वतः हे चित्र तीनदा केलं, आणि तिसऱ्यांदा कळलं की चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला त्याने जवळजवळ काहीच केलेलं नाही. मी दोन चित्रांत तिथे आठवडे घालवले होते.

कपडे आणि भिंत

हा भाग लवकर होतो. सदऱ्याचा पांढरा म्हणजे पांढरा, ऑकर आणि काळा यांची बेरीज. सावलीत ऑकर वाढवा, निळा घालू नका. सदऱ्याच्या कापडाला शोभेसाठी पाडलेल्या बारीक चिरा एकेक मोजत बसू नका. त्या छातीच्या आणि बाहीच्या गोलाईबरोबर कशा वळतात ते पकडा. उजेडात दहा स्पष्ट दिसल्या की सावलीतल्या बाकीच्या बघणारा स्वतः भरून घेतो.

तुमानीचा लाल दोन टप्प्यांत. आधी लाइट रेड आणि व्हर्मिलियन यांनी घट्ट, थोडी उजळ आकृती करा आणि आठवडाभर वाळू द्या. मग अलिझरिन तेलात पातळ करून त्यावर ग्लेझ, म्हणजे आरपार दिसणारा पातळ थर, द्या. खालचा उजेड वरच्या काचेसारख्या थरातून परत येतो, तसली खोली एका थरात मिळत नाही. कापडाचा काळा ट्यूबमधला सरळ लावू नका, अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून करा आणि अगदी गडद घडीपुरताच आयव्हरी ब्लॅक ठेवा. खडूची खूण काळा वाळल्यावर, कोरड्या ब्रशच्या एका ओढीत.

भिंत सपाट करडी नाही. डोक्याभोवती ती कुठे उजळते आणि कुठे बुडते ते बघा. त्या फरकामुळेच माणूस भिंतीपासून सुटा होतो. भिंत आणि केस एकाच बैठकीत करा, म्हणजे कड ओली मिळते.

वाळवण, व्हर्निश, सही

चित्र अंधाऱ्या कपाटात वाळवू नका. लिनसीड अंधारात पिवळं पडतं. उजेड असलेल्या, वारा असलेल्या खोलीत ठेवा, ऊन मात्र नको. व्हर्निशला निदान सहा महिने थांबा. दसऱ्याला सुरू केलेलं चित्र फेब्रुवारीत पुरं झालं तर एक पावसाळा जाऊ द्या आणि नोव्हेंबरात, कोरड्या दिवशी, दुपारी व्हर्निश करा. दमट हवेत केलं तर त्याच्यावर पांढुरकी धुकट साय येते.

मागे मोठ्या अक्षरांत लिहा: ‘मोरोनीच्या चित्रावरून’, तुमचं नाव, साल. पुढे सही नको.

त्यानंतर

आता जिवंत माणूस. बाजारात शिवणयंत्रावर बसलेले शिंपी प्रत्येक गावात आहेत. तुमचा ओळखीचा असेल त्याला विचारा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हाची वेळ घ्या, त्याच्या दिवसाचा मोबदला आधी बोलून घ्या आणि रोजच्या रोज द्या. त्याला त्याच्याच मेजाशी उभं करा, हातात त्याचीच कात्री, मागे साधी भिंत, उजेड एकाच बाजूने. दर वीस मिनिटांनी बसायला सांगा. उठण्यापूर्वी पावलांभोवती आणि मेजावर हात टेकला असेल तिथे खडूने खूण करा, म्हणजे परत तसाच उभा राहता येईल.

आधी कागदावर कोळसा, मग तपकिरी थर, मग तेच चार ढीग. फक्त प्रमाण बदलेल. आपल्याकडच्या त्वचेला ऑकर आणि लाइट रेड जास्त लागतात, पांढरा कमी, आणि कपाळावरची चमक मोरोनीच्या शिंप्यापेक्षा थंड दिसते, कारण सावळ्या, घामेजल्या त्वचेवर आकाशाचा उजेड जास्त उमटतो. तिथे पांढऱ्यात कणभर काळा घालून बघा, शेजारच्या तांबूस रंगामुळे तो निळसर वाटेल. पहिल्या दिवशी चेहरा पुरा करायचा नाही. कल आणि नजर मिळाली की कात्री खाली ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या.